राख पडलेल्या गायरानाची माती कशी तपासावी

औष्णिक वीज केंद्राची राख पडणाऱ्या गायरानाची माती शेतासारखी तपासून चालत नाही. शेतात १५-२० सेंटिमीटर खोलीचा नमुना घेतात. गायरान नांगरले जात नाही, त्यामुळे राखेतले धातू बहुतेक वरच्या थरात राहतात. आखूड गवत चरताना गुरांच्या पोटात जाते तीही हीच माती. म्हणून वरच्या ५ सेंटिमीटरची माती वेगळी आणि ५ ते १५ ची वेगळी घ्या.

उतार, वाऱ्याची दिशा आणि पाणवठा पाहून गायरानाचे भाग पाडा. जुलै २०२२ मध्ये नागपूरच्या कोराडी वीज केंद्राजवळ खसाळ्याचा राख बंधारा फुटला, तशी राख वाहून आली असेल तर तो पट्टा स्वतंत्र धरा. प्रत्येक भागात नागमोडी चालत १५-२० ठिकाणची माती एकत्र करा. खुरपे स्टेनलेस स्टीलचे, बादली प्लास्टिकची, चाळणी २ मिलिमीटरची नायलॉनची हवी. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पितळी चाळणी वापरली, तर अहवालात त्यांचेच जस्त आणि तांबे दिसू शकते. माती सावलीत वाळवा आणि चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, असे पुन्हा पुन्हा) अर्धा किलो ठेवा.

राख न पोहोचलेल्या, पण त्याच प्रकारच्या जमिनीचा नमुना घेतलाच पाहिजे. बेसाल्टच्या काळ्या मातीत तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असते. परदेशी मर्यादा लावली तर चांगली मातीही दूषित ठरते.

प्रयोगशाळेत सामू (pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब, एकूण धातू आणि डीटीपीए या रसायनाने मोजलेले उपलब्ध, म्हणजे पिकाला घेता येणारे, धातू मागा. सामू ८ च्या आसपास असला की शिसे, कॅडमियम मातीत बांधलेले राहतात, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण आर्सेनिक आणि मॉलिब्डेनम अशा मातीत उलट अधिक मोकळे होतात, आणि डीटीपीएच्या आकड्यावरून त्यांचा अंदाज बांधू नये. मॉलिब्डेनम वाढले की गुरांना तांबे कमी पडते: हगवण लागते, केसांचा रंग उडतो. गवतातले तांबे मॉलिब्डेनमच्या दुपटीहून कमी असेल तर पशुवैद्यांना लगेच दाखवा.

पावसाळ्यात, माती ओली असताना, २५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन गांडुळे मोजा. चांगल्या जमिनीच्या मानाने ती फारच कमी असतील आणि जुने गवत न कुजता थर धरून बसले असेल, तर मातीतले जीवन मंदावले आहे.

शेवटी पवन्या-मारवेलसारखे गवत जमिनीपासून ५ सेंटिमीटरवर कापा. अर्धे धुऊन, अर्धे तसेच तपासा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वर बसलेली धूळ. निर्णय मात्र न धुतलेल्या गवतावर घ्या, कारण गुरे तेच खातात. युरोपीय संघात हिरव्या चाऱ्यात, ओलावा १२ टक्के धरून हिशेब केल्यावर, शिशाची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची १ मिलिग्रॅम आहे.