सिक्लिडची जोड लावताना आधी माप बघा

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानात खानापूर-निपाणीकडचं गिऱ्हाईक आलं की बहुतेक वेळा म्हणतं, "सारख्या मापाचे दोन द्या, म्हणजे भांडणार नाहीत." सिक्लिड कुळातल्या माशांचं नेमकं उलटं असतं.

दोन नर समोरासमोर आले की आधी पंख फुलवतात, मग बाजूबाजूला उभे राहून शेपटीने एकमेकांवर पाणी मारतात. त्या धक्क्यावरून समोरच्याचा जोर कळतो. फरक ठळक असला तर लहान तिथेच पंख मिटून मागे सरकतो. माप सारखं असलं की अंदाज लागत नाही. मग तोंडाला तोंड भिडवून ओढाओढ, शेवटी चावाचावी. आनंदवाडीच्या आखाड्यात तोलामोलाची कुस्ती लांबते, तसंच. एन्क्विस्ट आणि लाइमार या संशोधकांनी १९८३ साली हा हिशेब मांडला आणि १९९० मध्ये नॅनाकारा या छोट्या सिक्लिडवर तो पडताळूनही पाहिला.

म्हणून माप घ्याच. मासा हातात धरू नका. तो काचेला समांतर आला की बाहेरून पट्टी लावा आणि तोंडापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजा. शेपटीचा पंख धरू नका, नरांचे पंख लांब असतात, फसायला होतं. फरक नजरेत भरेल एवढा हवा, पण लहान मासा मोठ्याच्या तोंडात मावेल एवढा नको. ऑस्कर हा मोठा सिक्लिड तर मावेल ते गिळतोच.

आता खरी काळजी. नदीत हरलेला पळून जातो, टँकमध्ये कुठे जाणार? खानापूरची मातीची छोटी मडकी आणा, रंग न दिलेली. तोंड असं निवडा की लहान आत शिरेल, मोठा अडेल. हे एक काम केलंत तर अर्धी मरतूक टळते, असं मी प्रत्येकाला सांगतो.

लहान आधी सोडा, दोन-तीन दिवसांनी मोठा. जुना मासा जागा धरून बसला असेल तर दगड हलवून मांडणी बदला, लाइट बंद ठेवा. नुकताच हरलेला मासा लगेच दुसऱ्यासमोर नको, तो पुन्हा हरतो.

हे फायटर (बेटा) माशाला लागू नाही. त्याचे दोन नर कुठल्याच मापाचे एकत्र ठेवू नयेत.

ओठ सोललेला दिसला, किंवा एखादा हीटरमागे वरच्या कोपऱ्यात पंख मिटून राहिला, खायला येईना, तर त्याच दिवशी मध्ये भोकांची जाळी घाला.