गच्चीचं पाणी बोअरला: मृगाआधी उरकायचं काम

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, स्मार्ट सिटीच्या यादीत आलं. स्मार्ट सिटीत टाकीची पातळी मोबाइलवर दिसणं सोयीचं खरं, पण बोअरची पातळी टिकवायची तर गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडावं लागतं, आणि त्याला खडी-वाळूचं गणित कळणारा गवंडी आणि प्लंबर लागतो.

आधी हिशेब. हजार चौरस फूट गच्ची म्हणजे 93 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरा, पाचवा हिस्सा वाया गेला समजा. तरी 52 हजार लिटर उरतं. पाच हजारांचे दहा टँकर!

गच्चीच्या भोकावर जाळी, खाली 110 मिलिमीटरचा पाइप. आता दोन ड्रम घ्या, 200 लिटरचे.

पहिला ड्रम घाणीचा. सुरुवातीच्या पावसात धूळ आणि कबुतरांची विष्ठा येते. पहिले दोन मिलिमीटर म्हणजे 186 लिटर, बरोबर एक ड्रम. पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) बसवून तो आधी भरू द्या. झाकण घट्ट हवं, म्हणजे भरल्यावर पाणी आपोआप पुढे सरकतं. तळाचा नळ बारीक धारेवर ठेवा, नाहीतर पुढच्या पावसाला ड्रम भरलेलाच सापडेल. तिथे ठिबकचा ड्रिपर लावायचा मोह टाळा: ड्रममध्ये दाब नसतो, आणि गाळाने तो लगेच बुजतो.

दुसरा गाळणीचा. तळाला 40 मिलिमीटरची खडी 20 सेंटिमीटर, त्यावर 20 मिलिमीटरची 15, मग नायलॉन जाळी, वर जाड वाळू 25 सेंटिमीटर. वाळूवर पाणी साचायला जागा ठेवा. मूठभर वाळू पाण्याच्या बाटलीत हलवून बघा. पाणी गढूळ झालं तर ती अजून धुवायची आहे. क्रशरची भुकटी तर नकोच, चिखल होऊन बसते. ताशी 30 मिलिमीटरच्या सरीत सव्वादोन हजार लिटर येतं, ते सगळं एका ड्रममधून उतरेलच असं नाही. वाळूच्या वर ओव्हरफ्लो काढून बागेत सोडा.

गाळणीच्या तळातून निघालेला पाइप केसिंगला, म्हणजे बोअरच्या बाहेरच्या पाइपला, जमिनीच्या वर जोडा. अंगणाचं किंवा रस्त्याचं पाणी बोअरमध्ये अजिबात नको. ऑइल आणि सांडपाणी बेसॉल्टच्या भेगांतून थेट शेजाऱ्याच्या बोअरला जातं. जोडण्याआधी टँकरचं हजारभर लिटर ओतून बघा. तोंडाशी तुंबलं तर त्या बोअरवर खर्च करू नका.

बोअरच नसेल तर शोषखड्डा, पण काळ्या मातीत थांबलात तर ती फुगून तळ बंद करते. मुरूम लागेपर्यंत खणा.

रिमझिम पावसातही ओव्हरफ्लो वाहायला लागला की वाळू चोंदली समजा. वरचा पाच सेंटिमीटर थर खरवडून धुवा, वाळवा आणि परत टाका.