एक्सझेडवाला बॅकडोर माझ्याच घरच्या सर्व्हरवर निघाला तेव्हा

30 मार्च 2024, रंगपंचमीचा शनिवार, सकाळी चहा घेता घेता बातमी वाचली की एक्सझेड (लिनक्सवरचं फाइल्स लहान करणारं टूल) 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये बॅकडोर आहे, म्हणजे एसएसएच या दुरून लॉगिन करायच्या सोयीतून आत शिरायची चोरवाट, आणि पोटात गोळाच आला, कारण माझ्या घरच्या सर्व्हरवर डेबियन टेस्टिंग (डेबियन लिनक्सची चाचणीतली आवृत्ती) आणि राउटरवर एसएसएचचा 22 नंबरचा पोर्ट बाहेरून उघडा (हो, माझाच शहाणपणा). आधी नेटची वायर काढली. मग एक्सझेड न चालवता डीपीकेजीलाच (डेबियनचा पॅकेज मॅनेजर) व्हर्जन विचारलं, उत्तर 5.6.1.

गंमत म्हणजे गिटवरचा (जिथे प्रोजेक्टचा कोड ठेवतात) सोर्स वाचून हे कळलंच नसतं. घातक कोड टेस्ट फाइल्समध्ये दडवलेला, आणि त्याला जागा करणारी बिल्ड स्क्रिप्टची ओळ फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात). 'जिया टॅन' नावाने कोणीतरी एक्सझेडवर दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता, बोला आता! पकडलं अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने, तेही एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खणत बसला म्हणून. आपण असतो तर नेटला शिव्या घालून झोपलो असतो.

राउटरवरचा पोर्ट बंद करून वायर परत लावली आणि अपडेट मारलं, तर नवीन व्हर्जनचं नाव 5.6.1+रियली5.4.5, म्हणजे वरून नवा, आत जुना. पण बॅकडोर रूटपर्यंत (सर्व्हरच्या पूर्ण ताब्यापर्यंत) पोचवणारा, मन काही मानेना. शेवटी डिस्क पुसून डेबियन स्टेबल टाकलं, सगळ्या एसएसएच की बदलल्या, आता बाहेरून फक्त वायरगार्ड व्हीपीएनने येतो.