हाताने चालवलं की चालतं, क्रॉनमध्ये चालत नाही

सिस्टिम टूल्स लिहायला लागलात की वरचं वाक्य कधीतरी तुमच्याही तोंडी येणार. माझ्या तोंडी ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी आलं. डिस्कवरच्या जागेचा अहवाल देणारं एक छोटं टूल मी सी-मध्ये लिहिलं होतं. खरी मोजणी करायचा दुसरा एक प्रोग्रॅम. त्याचं नावच 'मोजणी' धरू. मुख्य टूल एक्झेकव्हीपी हे फंक्शन वापरून त्याला नुसत्या नावाने हाक मारायचं. असं नाव पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत, शोधलं जातं. दोघांचाही मुक्काम /यूएसआर/लोकल/बिन मध्ये. टर्मिनलवर अहवाल झकास यायचा. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सेवेत, टाकलं आणि आठवडाभर रोज सकाळी कोरी फाइल.

आधी परवानग्यांवर संशय घेतला, मग डिस्कवर. शेवटी एका वरिष्ठांनी क्रॉनमधल्या त्याच ओळीत एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलला काय काय मागतो ते दाखवणारं टूल) लावायला सांगितलं, तेही फक्त एक्झेकव्हीई या प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या कॉलपुरतं. कामाच्या ओळी दोनच निघाल्या. /यूएसआर/बिन/मोजणी: ईनोएंट. /बिन/मोजणी: ईनोएंट. डेबियन या लिनक्सच्या क्रॉनला मुळात एवढाच पाथ मिळतो, /यूएसआर/लोकल/बिन त्यात नाही. मुख्य टूलचा पूर्ण पत्ता क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) दिलेला होता म्हणून ते सुरू व्हायचं, आणि मदतनीस, म्हणजे 'मोजणी', सापडला नाही की गुपचूप बाहेर पडायचं. एक्झेक फसलं तर काय, हे मी लिहिलंच नव्हतं.

क्रॉनटॅबमध्ये पाथची ओळ वाढवून वेळ मारून नेली. पण पाथ हा वापरणाऱ्याचा असतो, टूलचा नव्हे. तो कुणाच्या शेलमध्ये काय असेल, सांगता येत नाही. 2019 मध्ये डेबियन 10 आलं तेव्हा एसयू ही दुसरा युजर, बहुधा रूट म्हणजे मुख्य ॲडमिन, व्हायची कमांड बदलली होती. नुसतं एसयू केल्यावर आधीच्याच युजरचा पाथ राहू लागला, त्यात एसबिन ही ॲडमिनच्या कमांडींची डिरेक्टरी नसायची, आणि रूट होऊनही लोकांना ॲडयूजर ही कमांड सापडेना.

मग मी हुशारी केली. आर्गव्ही-शून्यमधून, म्हणजे प्रोग्रॅमला ज्या नावाने हाक मारली त्यातून, आपली डिरेक्टरी काढायची आणि मदतनीस तिथेच शोधायचा. दोन दिवस टिकलं. कुणीतरी टूलला सिमलिंक (दुसऱ्या जागेवरून मूळ फाइलकडे नेणारी खूण) केली आणि शोध सिमलिंकच्या डिरेक्टरीत सुरू झाला. शिवाय आर्गव्ही-शून्यमध्ये हाक मारणारा हवं ते भरू शकतो. नुसतं नाव आलं तर डिरेक्टरी कळतच नाही. लिनक्सवर /प्रॉक/सेल्फ/एक्झे खरा पत्ता देतं, पण क्रूटच्या आत, म्हणजे एखादी डिरेक्टरीच रूट डिरेक्टरी मानून प्रोग्रॅम चालवला तेव्हा, /प्रॉक माउंट केलेलं नसेल तर तेही गेलं.

जुनी टूल्स हे कसं करतात ते बघायला हवं होतं, तेही आधी. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटला विचारा: गिट --एक्झेक-पाथ. डेबियनवर उत्तर येतं /यूएसआर/लिब/गिट-कोर. 2008 च्या 1.6.0 आवृत्तीत गिटने गिट-डॅश-अमुक छापाच्या ढीगभर कमांडी लोकांच्या पाथमधून उचलून अशा वेगळ्या डिरेक्टरीत नेल्या. सी-साठीच्या जीसीसी या कमांडीमागचा खरा कंपायलर सीसीवन, तोही पाथमध्ये नसतोच. माणसाने थेट चालवायचे नसलेले प्रोग्रॅम लिबएक्झेक नावाच्या डिरेक्टरीत जातात. मीही 'मोजणी' तिथे हलवली, तिचा पत्ता बिल्डच्या वेळी मेकफाइलमधून (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमधून) मॅक्रो म्हणून कोडमध्ये भरला आणि एक्झेकव्हीपीऐवजी पाथमध्ये न शोधणारं एक्झेकव्ही वापरलं. शोधाशोध संपली.

टेस्टसाठी मात्र बिल्ड डिरेक्टरीतली 'मोजणी' चालवावी लागते. त्याकरता एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून, शेलकडून मिळणारं मूल्य) ठेवला, गिटच्या गिट_एक्झेक_पाथसारखा. इथे सांभाळा. टूल सेटयूआयडी असेल, म्हणजे कुणीही चालवलं तरी फाइलच्या मालकाच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने चालत असेल, तर हा व्हेरिएबल वाचायचाच नाही. ग्लिबसी या सी-लायब्ररीचं सिक्युअर_गेटएन्व्ह त्यासाठीच आहे. अशा टूलने मदतनीसाला नुसत्या नावाने हाक मारली, तर कुणीही त्याच नावाची फाइल आपल्या होम डिरेक्टरीत ठेवून पाथच्या सुरुवातीला ती डिरेक्टरी लावेल आणि रूटच्या अधिकाराने हवं ते चालवेल. पाथमध्ये लागोपाठ दोन कोलन आले तर त्याचा अर्थ 'चालू डिरेक्टरी' होतो, हे तर कित्येक वर्षं मला ठाऊकच नव्हतं.

आता उलट टोकाला जाऊ नका. मी गेलो होतो: एडिटरचाही पत्ता कोडमध्ये ठोकला. एडिटर, पेजर (लांब मजकूर पानापानाने दाखवणारं टूल) या वापरणाऱ्याच्या आवडीच्या गोष्टी. त्या त्याच्याच पाथमधून याव्यात. मदतनीस कुणाचा, एवढंच मी हल्ली विचारतो. माझ्याच पॅकेजमधून आला असेल तर पत्ता मला माहीत असायला हवा.

रिलीजआधी टूल रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, एन्व्ह -आय लावून, एकदा चालवतो. एकदा सिमलिंकमधून, एकदा रूट डिरेक्टरीत उभं राहून. एररमध्ये मदतनीसाचा पूर्ण पत्ता छापतो. तरीही मध्यंतरी ईनोएंट आलंच, आणि छापलेल्या पत्त्यावर फाइल तर ठणठणीत होती! 'मोजणी' आता स्क्रिप्ट झाली होती आणि तिच्या पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) त्या मशीनवर नव्हता. कर्नल त्यालाही ईनोएंटच म्हणतो.