मुलाखतीला आत जाताना उजवा हात मोकळा ठेवा

नाव पुकारलं की धांदल उडते. उजव्या हातात फाइल, खांद्यावरून घसरणारी बॅग, आणि समोरच्याने हात पुढे केला की फाइल या हातातून त्या हातात! त्यात तळवा घामाने ओला. भाचीची तयारी करून घेताना हे लक्षात आलं. दाराबाहेरच सावरून घेतलं की पुढचं खूप सोपं जातं.

१. १५ मिनिटं आधी पोहोचा. लोकलच्या गर्दीतून आला असाल तर आधी वॉशरूम गाठा. तोंड धुवा, केस आणि कॉलर नीट करा.

२. मोबाइल बंद करून बॅगेत टाका. खिशात नुसता थरथरला तरी नजर खाली जाते.

३. वाट बघताना फाइल डाव्या हातात आणि उजव्या मुठीत सुती रुमाल. नाव पुकारलं की रुमाल खिशात. हात कोरडा आणि मोकळा राहतो.

४. दारात क्षणभर थांबा, सगळ्यांकडे बघून हलकं हसा, मग पुढे व्हा. बसल्यावर बॅग पायाशी ठेवा. ती मांडीवर घेतली की खांदे आपोआप आवळले जातात आणि माणूस बिचकलेला दिसतो. हे भाचीला तीनदा सांगावं लागलं, इतकी ती सवय अंगवळणी पडलेली असते.

हात मात्र आपणहून पुढे करू नका. त्यांनी केला तर मिळवा, नाहीतर हसून नमस्कार करा.