गाठीच्या रानात बेवड कशाचा? भाजीपाल्याआधी या चुका टाळा

टोमॅटोची झाडं सकाळी टवटवीत, दुपारी माना टाकलेली, सांजेला पुन्हा उभी. पाणी कमी पडलं म्हणून आपण पाणी वाढवतो, मग बुरशी समजून मुळाशी औषधाची आळवणी करतो. शिरोळकडच्या आमच्या नदीकाठच्या मळीच्या रानात दोन हंगाम मीही हेच केलं. तिसऱ्या वर्षी एक झाड खुरप्यानं मातीसकट काढलं, तर मुळं आल्याच्या कुड्यांसारखी फुगलेली. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरून गाठी करणारा, डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा.

मग बेवड, म्हणजे भाजीआधीचं पीक, म्हणून हिरवळीचं पीक घेऊन गाडायचं ठरवलं आणि घरात बी होतं म्हणून चवळी टाकली. सगळ्यांत महागात पडलेली चूक हीच. मूळगाठ सूत्रकृमी चवळीवर मजेत वाढतो. ऊबदार जमिनीत त्याची एक पिढी तीन-चार आठवड्यांत पुरी होते आणि एकेक मादी काही शे अंडी घालते. दीड महिना चवळी उभी ठेवली म्हणजे पुढच्या टोमॅटोसाठी आपणच पाहुणे पोसले! मुगाचंही तसंच. ताग, आपला बोरू, मात्र चालतो. त्याच्या मुळांत या किडीची पैदास फारशी होत नाही.

एक सांगून ठेवतो. बोरूच्या मुळांवरही गाठी दिसतील, त्या बघून घाबरू नका. नत्र धरणारी, फायद्याची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखानं सहज निघते, फोडली तर आत गुलाबी. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं. ती सुटी होत नाही.

झेंडूच्या बाबतीत गैरसमज फार. बांधाकडेनं एक ओळ लावली की काम झालं असं नसतं. झेंडूच्या जिवंत मुळांभोवतीच त्याचा परिणाम होतो, तो दोन सऱ्या पलीकडं जात नाही. निम्मं रान टोमॅटो, निम्मं झेंडू असंही नको. ज्या वाफ्यात रोग आहे तो अख्खा वाफा दाट झेंडूनं भरा आणि किमान दोन महिने उभा ठेवा. बुटका फ्रेंच झेंडू या कामाला जास्त भरवशाचा. बाजारात चालणारा मोठ्या फुलांचा प्रत्येक वाण तितका उपयोगी पडेलच असं नाही. दसऱ्याला फुलं विकून दिवाळीनंतर भाजी लावायची, हे गणित आपल्याकडं छान बसतं. फक्त झेंडूत माठ, कामोणी माजू देऊ नका. सूत्रकृमी त्या तणांवर दिवस काढतात आणि झेंडूचा सगळा खर्च वाया जातो.

मोहरी गाडून जमीन निर्जंतुक होते असं ऐकून काही जण उभी मोहरी नांगरतात. तिचा जो तिखट वायू उपयोगाचा, तो पाला चेचल्यावरच सुटतो आणि लवकर उडून जातो. बारीक कुटी करून त्याच दिवशी मातीत मिसळा आणि वर पाणी द्या. जमत नसेल तर मोहरीच्या वाटेला जाऊ नका, तिच्या स्वतःच्या मुळांवरही सूत्रकृमी वाढू शकतो.

बोरू फुलकळीवर, साधारण 45 ते 50 दिवसांनी गाडायचा. 'अजून थोडा वाढू दे' म्हणत थांबलात तर दांडा लाकडासारखा होतो, कुजायला वेळ लागतो आणि कुजताना तो भाजीच्या वाट्याचं नत्र ओढतो. उलट घाईही नडते. गाडल्यावर चौथ्या दिवशी काकडी टोकली की ओल्या, कुजत्या पाल्यावर मर रोगाची बुरशी आणि कोंब खाणाऱ्या अळ्या जमतात. वाफसा, म्हणजे चिखल न होता माती ओलसर, राखून तीन आठवडे तरी थांबा.

आणि मुळं कुरतडणारी हुमणी अळी? तिच्यावर झेंडूही चालत नाही, मोहरीही नाही. उसाचा खोडवा मोडून भाजी करणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. रोप ओढल्यावर मूळ कुरतडलेलं आणि मातीत पांढरी, वाकडी अळी दिसली तर खोल नांगरट करा, बगळे-कावळ्यांना रानात येऊ द्या. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब, बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे झाडं हलवून गोळा करा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. अर्धकच्चं शेणखत तर मुळीच नको. हुमणीच्या अळ्या त्यातूनही रानात येतात.

एवढं करून रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांच्याच मुळांवर गाठी असल्या तर? ट्रे घेताना चार रोपं काढून मुळं बघा. विकणारा नाराज झाला तरी चालेल. भाड्याचा रोटाव्हेटर रानात घालण्याआधी त्याच्या पात्यांना चिकटलेली दुसऱ्याच्या रानातली माती बांधाबाहेरच धुवून घ्या.