वीस बारे दोनशे चाळीस

कलेचा इतिहास शिकायला घेताय, तर पहिले काही महिने सनावळ्या आणि शैलींची नावं घोकण्यात जातील. त्याला इलाज नाही. पण एक रविवार काढून पांडवलेणी गाठाच. आपण नाशिककर शाळेच्या सहलीपासून तिथे जातो, पायऱ्या चढतो, फोटो काढून उतरतो. मीही तेच केलं होतं. ब्राह्मी वाचायला शिकल्यावर पुन्हा गेले, तेव्हा 10 क्रमांकाच्या लेण्यात तासभर एका भिंतीसमोरून हलले नाही.

तिथे कोरलेल्या लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात चक्क हिशेब मांडतो. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, 2000 कार्षापणांची (तेव्हाची नाणी) ठेव, व्याज दरमहा शेकडा एक. त्यातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. मी वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला. वर्षाचं व्याज 240, आणि वीस बारे 240! तोवर लेणं म्हणजे माझ्यासाठी नुसता दगड होता. आता त्यात पावसाळ्यात मुक्कामाला आलेले भिक्खू दिसू लागले, माग चालवणारे विणकर दिसू लागले.

मग 3 क्रमांकाचं लेणं. हे दान सातवाहन घराण्यातल्या गौतमी बलश्रीचं. गादीवर नातू पुळुमावी, त्याच्या राज्याचं 19 वं वर्ष, आणि लेखात ही आजी आपल्या मुलाबद्दल, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल सांगते. त्याने क्षहरातांचा निःपात केला, म्हणजे उषवदाताच्या सासऱ्याच्याच कुळाचा. दोन्ही घराण्यांची दानं मात्र एकाच डोंगरात, हाकेच्या अंतरावर. पुढे ती असंही सांगते की नगरवासीयांचं सुखदुःख तो आपलं मानायचा, आईच्या सेवेत कधी कमी पडला नाही. माझा काका ऐन तिशीत गेला. आजी त्याची नोकरी, त्याने बांधलेलं घर सगळं सांगायची, आणि मग म्हणायची, "मला कधी उलटून बोलला नाही रे." बलश्रीचा लेख वाचताना मला आजीचाच आवाज ऐकू येत होता.

पुढे शिकायचं तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात कलेतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. प्रवेशाचं नंतर बघा. आधी कोऱ्या पानांची वही घ्या आणि 3 क्रमांकाच्या ओसरीखाली भार पेलणाऱ्या यक्षांचे चेहरे काढा, एकेक करून. विजेरीही असू द्या. झिजलेली अक्षरं बाजूने उजेड टाकला की उठून दिसतात.